अचलपूरचं अजून चालू हाय

बटण दाबलं की आमचा कॉम्प्युटरवाला पोरगा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचा. "आता कोणी हात लावाचा नाई. अचलपूरचं अजून चालू हाय." मालक ओरडायचा, "अबे, झोपला का?" हा ढिम्म हलायचा नाही.

अमरावतीतलं आमचं ऑफिस शेतकऱ्यांच्या मोबाईलवर हवामानाचे इशारे पाठवायचं. शेतीचे दिवस वाईट होते, वर आभाळाचाही भरवसा नाही. पूर्वी कॉम्प्युटर एकेक तालुका घ्यायचा. शेवटच्या तालुक्याला पावसाचा इशारा मिळेपर्यंत तिथली माणसं भिजून वाळलेली असायची. मग यानं स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम लिहिला. सगळ्या तालुक्यांची कामं पडद्यामागे एकदमच सोडून द्यायची, जो तो आपापला पळणार. शेवटी एक ओळ : सगळे परत येईपर्यंत थांब. त्यानंतरच पडद्यावर 'सर्वांना पाठवले' उमटायचं. शेतकऱ्यांची यादी मोठी, म्हणून अचलपूर नेहमी मागे. याचं गाव त्याच तालुक्यातलं. आम्ही चिडवायचो, "तुह्या गावचे मेसेज एसटीनं जातात का बे?"

"जाऊ द्या ना, पोचते बरोबर."

काम होण्यापेक्षा ते झालेलं दिसण्याची घाई असलेले मालक तुम्हीही पाहिले असतील. आमच्या मालकाला पाहुण्यांसमोर पडदा अडकलेला चालेना. त्यानं ती थांबायची ओळच काढायला लावली.

"साहेब, काम बाकी असलं तरी मशीन 'झालं' म्हणन," हा कळवळून सांगत होता.

"म्हणू दे. दिसलं पाहिजे, बस."

गारपिटीचा इशारा आला त्या दिवशी मालकानं याला घरच्या लग्नाचे पाहुणे आणायला बडनेरा स्टेशनवर धाडलं आणि बटण स्वतः दाबलं. 'सर्वांना पाठवले' लगेच उमटलं. मेन स्विच बंद करून स्वारी लग्नाला गेली. आत अचलपूरचं काम अर्ध्यावर मेलं.

दुसऱ्या दिवशी फोन खणखणू लागले. मालकाचा हुकूम : सांगा, मेसेज गेला होता, तुमचाच मोबाईल बंद असेल. यानं उचललेला पहिलाच फोन मोठ्या भावाचा निघाला. गारा पडल्या तेव्हा त्याचा कापून ठेवलेला हरभरा वावरात उघडा पडून होता आणि ताडपत्री घरात.

"नाई गेला, दादा. इथंच मशीन बंद झाली."

मालकानं याला उभ्या उभ्या कामावरून हाकललं. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

काही दिवसांनी तो भाऊ ऑफिसात आला. "त्याले हाकललं, म्हणजे चूक त्याचीच. पण त्यानं मशीन कावून बंद केली हो?"

मालक समोरच बसला होता. मी सरळ बोट दाखवलं. "त्यानं नाही. यांनी केली."

भाऊ माझ्याकडे वळला. "मंग मले बोलला कावून नाई? मी तं गावादेखत त्याले म्हटलं, या घरात पाय ठेवू नको."

तो आता कुठे आहे, हे मी या भावालाच विचारणार होतो.