टपावर वाळवलेला मोह

माझी आई मासे विकते. गावच्या तलावात माणसांनी जाळी टाकायची आणि बायांनी टोपल्या घेऊन ब्रह्मपुरीचा बाजार गाठायचा, ही आम्हा ढिवरांची जुनी वाटणी. लहानपणी मी तिच्यासोबत काळीपिवळीने बाजाराला जायची. काळीपिवळी म्हणजे माणसं कोंबून नेणारी आमच्याकडची जीप. पुढे जागा रिकामी असली तरी ड्रायव्हर आईला मागच्या दाराशी बसवायचा आणि टोपली टपावर टाकायचा. बाकीच्या बाया नाकाला पदर लावायच्या. आई अंग चोरून बसायची. त्या पदरांचा राग मला तेव्हाही यायचा आणि आजही येतो.

म्हणून ब्रह्मपुरीच्या कॉलेजातली नोकरी पक्की झाल्यावर मी गाडी घेतली, ती आईला पुढच्या सीटवर बसवायला. घुग्घुसच्या कोळसा खाणीतल्या एका साहेबाची बदली झाली होती, त्याची ती गाडी. परदेशी बनावटीची, अंगाने बारकी पण घराण्याने मोठी, चामड्याच्या सीटांची, टपाला सरकती काच असलेली. जुनी होती म्हणून घेणं परवडलं. सांभाळणं म्हणजे मात्र चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

पहिल्याच दुरुस्तीत एसीच्या जाळीतून कोळशाची धूळ निघाली. इंजिन थंड ठेवणारं पाणी एका प्लॅस्टिकच्या जोडातून गळायचं आणि तो बोटभर जोड नागपुरातही मिळेना. गिअर बदलताना गाडी हिसका द्यायची. पोट इतकं खाली की गावातला प्रत्येक गतिरोधक तिला खरवडून काढायचा. स्टेपनी तर कंपनीने दिलीच नव्हती. पंक्चर झालं तर त्याच टायरवर हळूहळू चालवत जवळचं गॅरेज गाठा म्हणे. या गाडीला हात लावणारं जवळचं गॅरेज चंद्रपूरला. भाऊ म्हणायचा, हा पांढरा हत्ती विकून टाक, साधी गाडी घे. मी म्हणायची, आई पुढे बसेपर्यंत विकणार नाही, आणि बसल्यावर तर मुळीच नाही.

पण आई बसेना. गाडीले वास लागन, हे तिचं एकच पालुपद. मी चिडले, रुसले, एकदा तर काळीपिवळीच्या मागे गाडी चालवत बाजारापर्यंत गेले. शेवटी चैत्रात ती बसली. टोपली प्लॅस्टिकात गुंडाळून डिक्कीत ठेवली. आपल्या बाजूची काच पूर्ण खाली करायला लावली आणि तोंड बाहेर काढून, लुगडं मांडीत गोळा करून, पाठ न टेकता ती ब्रह्मपुरीपर्यंत आली. ऊन मी म्हणत होतं, पण तिने काच वर करू दिली नाही.

परत आल्यावर मी जेवून जरा आडवी झाले. उठून अंगणात येते तर गाडीच्या टपावर पिवळी चादर. आईने सकाळी वेचलेली मोहफुलं तिथे वाळत घातली होती. आमच्याकडे मोहाच्या दिवसात सपाट आणि तापलेली जागा दिसली की बाया फुलं पसरतातच. वर बकऱ्या पोचत नाहीत आणि तव्यासारखी तापतेही, असा तिचा हिशेब. मला हसू आलं आणि बरंही वाटलं. म्हटलं, गाडी आता खरी घरची झाली. संध्याकाळी आम्ही दोघींनी फुलं सुपात भरली, टप झटकला आणि मी ब्रह्मपुरीला माझ्या खोलीवर निघून आले.

पुढच्याच आठवड्यात अवकाळी पाऊस झाला आणि त्यानंतर गाडीत वास सुटला. आंबूस, कुजका, दार उघडलं की अंगावर येणारा. कॉलेजला माझ्या गाडीतून येणाऱ्या एका प्राध्यापकबाईंनी पहिल्याच दिवशी नाकाला पदर लावला आणि विचारलं, तुमच्या आई बसल्या होत्या का? भावाने वाकून आत डोकावलं आणि मान हलवली. मी काही बोलायच्या आत आईपर्यंत बातमी पोचली होती. बाजाराच्या दिवशी मी दारात हॉर्न वाजवत राहिले आणि ती टोपली घेऊन नाक्याकडे चालू लागली.

"म्या सांगतलं होतं तुले," ती वळून म्हणाली. "आता त्या गाडीत नाई बसत मी."

काळीपिवळी आली. टोपली टपावर गेली, आई मागे गेली. मी तिथेच ठरवलं की हा वास कुठून येतो ते शोधून काढीन, मग त्यासाठी गाडी खिळखिळी करावी लागली तरी चालेल. एकदा नेलेली, प्लॅस्टिकात गुंडाळलेली ताजी मासोळी चामड्यात मुरते आणि दिवसागणिक वाढत जाते, हे मला पटणारं नव्हतं. मी मासोळीच्या घरात वाढले आहे. तो वास मला कुणी शिकवू नये.

चंद्रपूरच्या मिस्त्रीने दार उघडलं आणि तोच प्रश्न विचारला, मासोळी नेली काय? मी म्हटलं, नेली, आणि पुन्हा नेणार आहे, तुम्ही खालची सतरंजी उचला. तो म्हणाला, सगळ्या सीटा काढाव्या लागतील, खर्च होईल, त्यापेक्षा सुवासिक फवारा मारून देतो. मी स्टूल ओढून तिथेच बसले आणि सीटा निघेपर्यंत हलले नाही.

सतरंजीखाली पाणी साचलं होतं. ते आलं कुठून म्हणून टपाची काच सरकवली, तर तिच्या कडेच्या पन्हळीत फुलांचा चिखल. पावसाचं पाणी खाली सोडणाऱ्या बारीक नळ्या मोहफुलांनी गच्च बसल्या होत्या. पाणी वाट काढत आत उतरलं होतं आणि त्यात फुलं सडत होती. मिस्त्रीने नळीतून ओढलेला गोळा हातात घेतला आणि हसायलाच लागला. हा तर मोहाचा सडवा, दारू गाळायला आंबवतात तो, म्हणाला. आमच्या भागात हा वास न ओळखणारं माणूस सापडायचं नाही. तरी सगळ्यांना मासोळीच आठवली, कारण सीटवर ढिवरीण बसली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती सगळ्यांनी. मला भयंकर संताप आला.

तो गोळा मी स्टीलच्या डब्यात घालून घेतला, नळ्या मोकळ्या करून गाडी आतून धुऊन-वाळवून घेतली आणि थेट गावी गेले. आई अंगणात जाळं सांधत बसली होती. डबा उघडून तिच्या नाकाखाली धरला. तिने वास घेतला, बोटाने चिवडून पाहिलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"म्हंजे म्याच केलं व हे?"

"तूच केलं. टपावर फुलं वाळवायला कोणी सांगितलं होतं?"

वाटलं, आता कष्टी होईल. पण ती पदर तोंडाला लावून हसू लागली, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"चूक होते माणसाची," ती म्हणाली. "वास तर माह्या अंगाचा नाई ना."

पुढच्या बाजाराला ती माझ्याआधी गाडीशी उभी होती. टोपली डिक्कीत ठेवून पुढे बसली आणि सीटला पाठ टेकली. मी सवयीने तिच्या बाजूची काच खाली केली.

"वर कर ते," आई म्हणाली. "गरम हवा येऊन राह्यली."