डबा मागायला

आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. चार शेंगदाणे घाला, गुळाचा खडा घाला, काहीच नसेल तर चमचाभर साखर घाला, पण रिकामं पाठवायचं नाही. लग्नानंतर अमेरिकेला जाताना मी दोन मोठ्या बॅगा भरून सामान नेलं होतं. त्यातलं निम्मं तिथे निरुपयोगी ठरलं. ही रीत मात्र उपयोगी पडली, आणि एकदा तिनंच मला रडवलंही.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. नवरा एका कॉम्प्युटर कंपनीत होता. थंडीत तो अंधारात जायचा आणि अंधारातच परत यायचा. आम्ही श्रूजबरी नावाच्या गावात राहायचो. आता तिथे म्हणे कोपऱ्याकोपऱ्यावर आपली माणसं भेटतात. तेव्हा नाक्यापर्यंत चालत गेलं तरी एक माणूस दिसायचं नाही, आपलं किंवा परकं. माझ्या व्हिसावर नोकरीला मनाई. गाडी एकच, ती नवऱ्याकडे, आणि घरी असती तरी मला कुठे चालवता येत होती! पुण्यात दिवसभर दार वाजायचं. दूधवाला, कचरेवाली, वर्गणीवाले, समोरच्या काकू. मी वैतागायचे. इथे घंटा वाजेचना, तेव्हा ती बिघडली की काय म्हणून मी स्वतः बाहेर जाऊन दाबून बघितली. चांगली ठणठणीत होती. मग आत येऊन मी पलंगावर बसून राहिले आणि मला हसूही आलं नाही.

शेजारच्या दारात एक जर्मन बाई राहायची. पन्नाशी ओलांडलेली, सडपातळ, केस घट्ट मागे बांधलेले. युद्ध संपल्यानंतर काही वर्षांनी तिनं तिथल्या एका अमेरिकन सैनिकाशी लग्न केलं आणि ती इकडे आली. नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. एका ड्रायक्लीनरकडून कपडे आणून ती घरीच दुरुस्त करायची. ऑक्टोबरच्या कोवळ्या उन्हात मी पायरीवर बसून साडीला फॉल लावत होते, तेव्हा ती बाहेर आली, थोडा वेळ बघत राहिली, आणि शेजारी बसून साडीचं दुसरं टोक तिनं हातात घेतलं. तिचे टाके बघून मी माझे उसवले.

मोठ्या बाईला नावानं हाक मारायला माझी जीभ रेटेना. म्हणून मी तिला मावशी म्हणायला लागले आणि त्याचा अर्थ सांगितला. इंग्रजीत तू-तुम्ही नसतंच, त्यामुळे मनातल्या मनात मी तिला तू म्हणून टाकलं. मावशीला तूच म्हणतात.

मी तिला स्टीलच्या डब्यातून चकल्या दिल्या. दुसऱ्या दिवशी ती डबा घासूनपुसून घेऊन आली. मी हसत हसत तिला आमची रीत सांगितली. तिनं ती गंभीरपणे ऐकून घेतली, वाहतुकीचे नियम ऐकावेत तशी. त्यानंतर डबा कधी रिकामा आला नाही. कधी अक्रोड, कधी केकचा तुकडा, एकदा नुसतं एक सुंदर शिंपल्याचं बटण. डब्याची अशी ये-जा सुरू झाली आणि माझ्या दाराची घंटा वाजायला लागली.

एक गोष्ट मला कळायची नाही. एवढं शिवणकाम, पण सगळं हातानं. पँटच्या लांबच लांब शिवणीसुद्धा ती सुईनं घालायची. जवळच एकाच्या अंगणात जुनं सामान विकायला काढलं होतं, त्यात मला एक शिवणयंत्र दिसलं. मी धावत तिला बोलवायला गेले. ती दारातच थांबली. "मला यंत्र नको," एवढंच म्हणाली आणि आत गेली. म्हातारपणाचा हट्ट, असं मी मनात म्हटलं.

त्याच सुमारास तिथल्या महाराष्ट्र मंडळानं एका शाळेच्या हॉलमध्ये मराठी सिनेमा लावला. भिकार सिनेमा होता, आवाज फाटत होता, रीळ मध्येच तुटत होतं. पण लोक चार-चार तास ड्राइव्ह करून आले होते, आणि नायिका "अगं बाई" म्हणाली तेव्हा माझ्या शेजारच्या दोन बायांनी पदर डोळ्यांना लावला. मीही लावला. पुण्यात असा सिनेमा लागला असता तर मी मध्यंतरातच उठून गेले असते.

म्हणून लायब्ररीच्या फळ्यावर "रविवारी दुपारी जर्मन सिनेमा, प्रवेश मोफत" असं वाचलं तेव्हा मला मावशीच आठवली. बिचारीला किती वर्षांत आपली भाषा ऐकायला मिळाली नसेल! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी मी घरी आले.

"अगं, फिल्म कशाबद्दल आहे ते तरी वाचलंस का?" नवऱ्यानं विचारलं.

"जर्मन आहे. आणखी काय वाचायचं?"

खरं सांगायचं तर जर्मनीबद्दल मला काही कळतच नव्हतं. आमच्याकडे जर्मनी म्हणजे टिकाऊ यंत्रं, आणि इंग्रजांना नडले म्हणून जुन्या माणसांना त्यांचं थोडं कौतुकच. शाळेत महायुद्धाचं एक प्रकरण होतं, त्यातल्या सनावळ्या पाठ करून मी मार्क मिळवले होते. माणसांचं काय झालं, हे त्यात असेलही, पण ते परीक्षेला नव्हतं.

मावशी आधी नको म्हणाली. मी हट्ट केला. मग तिनं चांगला कोट घातला, ओठांना थोडा रंग लावला आणि तिच्या जुन्या गाडीतून आम्ही गेलो. सिनेमा सुरू झाला तेव्हा ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "ही बाई आमच्या भागातली बोली बोलते!" तिचा चेहरा इतका खुलला होता की मी स्वतःवरच खूश झाले.

सिनेमा युद्धानंतरचा होता. एका लहान गावातलं घर, आई, बाप, शाळकरी मुलगी. कपाटात निळ्या काठाच्या ताटांचा सुंदर संच, रविवारीच काढायचा. हळूहळू कळतं की ती ताटं वरच्या मजल्यावरच्या ज्यू कुटुंबाची आहेत. त्यांना धरून नेलं तेव्हा त्यांनी ती सांभाळायला दिली होती. मग एका रविवारी त्या कुटुंबातला वाचलेला एकुलता एक मुलगा परत येतो. आई घाबरून त्याला जेवायला बसवते आणि त्याच्याच आईच्या ताटात त्याला सूप वाढते. तो खातो. पावानं ताट पुसून घेतो, निळ्या काठाकडे बघतो, आभार मानतो आणि जातो. काही मागत नाही. दार लागल्यावर बाप म्हणतो, "बघा, त्याला काही आठवत नाही." मुलगी ताटाला हात लावत नाही. तिघं तशीच बसून राहतात.

मी खालची इंग्रजी अक्षरं वाचण्यात गुंतले होते. मावशीला वाचायची गरज नव्हती. मी तिच्याकडे बघितलंच नाही, हे मागाहून माझ्या लक्षात आलं.

दिवे लागल्यावर कॉलेजातले एक प्राध्यापक चर्चा घ्यायला उभे राहिले. पुढच्या रांगेतला एक माणूस म्हणाला, "मला एक साधी गोष्ट कळत नाही. ताटं परत का दिली नाहीत? एवढं काय अवघड होतं?" लोकांनी माना डोलावल्या. प्राध्यापकांनी विचारलं, तिथलं आयुष्य जवळून माहीत असलेलं इथे कुणी आहे का? उचलली जीभ लावली टाळ्याला. मी हात वर करून म्हणाले, "ही माझी मावशी. ती जर्मनीची आहे!"

सगळ्या माना वळल्या. कुणी वाईट नजरेनं बघितलं असं नाही, फक्त बघितलं. मावशी उठली, कोट अंगात घालताना तिला बाही सापडेना. "माझी शेगडी चालू राहिली आहे," ती म्हणाली. घरापर्यंत तिनं नजर रस्त्यावरून काढली नाही. दाराशी तिनं माझे आभार मानले, अनोळखी माणसाचे मानावेत तसे.

दुसऱ्या दिवशी मी तिची घंटा वाजवली. दार उघडलं नाही. पुढेही उघडलं नाही. आमची भिंत एकच होती, तिचा रेडिओ मला ऐकू यायचा. मी घंटा वाजवली की त्याचा आवाज बारीक व्हायचा. हे मला फार लागलं.

"इथे लोकांना प्रायव्हसी लागते यार," नवरा म्हणाला. "थोडी स्पेस दे तिला."

स्पेस! माझ्याकडे दुसरं होतं काय? खिडकीबाहेर पार्किंगची रिकामी जागा, मग बर्फ, मग बर्फाखाली गेलेली तीच जागा. मी दोन माणसांचा स्वयंपाक करून एकटी जेवायचे. दुपारी रेडिओ लावायचे तोही भिंतीला टेकवून, तिलाही ऐकू जावा म्हणून. ती मला तोडून टाकेल याची मला भीती वाटत होती, कारण त्या अख्ख्या देशात माझ्या दाराशी येणारं तेवढं एकच माणूस होतं.

मग एका सकाळी दाराच्या मुठीला कागदी पिशवी लटकलेली दिसली. आत फॉल लावायला तिच्याकडे दिलेली माझी साडी होती, काम पूर्ण करून, घडी घालून. खाली डबा. मी झाकण उघडलं. लखलखीत घासलेला आणि रिकामा. ती विसरणारी बाई नव्हती. मी तिथेच उंबऱ्यात बसले आणि रडले. मग मला राग आला. तशीच उठले, चपला न घालता तिच्या दाराशी गेले आणि घंटेवरून बोट काढलंच नाही.

तिनं साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. मी डबा पुढे केला. "हा रिकामा का?"

ती डब्याकडे बघत राहिली. "दुसऱ्याची वस्तू आहे," ती म्हणाली. "त्या दिवसापासून कपाटात दिसत होती. मला झोप येत नव्हती." मग साखळी निघाली. माझे पाय बर्फानं लाल झाले होते, ते बघून तिनं मला आत घेतलं.

टेबलाशी बसल्यावर ती म्हणाली, "आमच्याकडे शिवणयंत्र होतं."

खालच्या मजल्यावर एक शिंपी राहायचा, ज्यू. त्यांना न्यायच्या आधी त्याच्या बायकोनं आणि हिच्या आईनं मिळून ते यंत्र जिन्यावरून वर आणलं. आम्ही येईपर्यंत ठेवा, शिंप्याची बायको म्हणाली होती. काही महिने हिच्या आईनं त्यावर चादर घालून ठेवली. मग चादर निघाली. चालवलं नाही तर गंजेल, आई म्हणाली, आणि हिला त्यावर एक फ्रॉक शिवला. खिसे असलेला.

"तू लहान होतीस," असं माझ्या तोंडावर आलं होतं. ते तिनं माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं.

"मी नऊ वर्षांची होते. त्यांची मुलगी माझी मैत्रीण होती. यंत्र कुणाचं ते मला माहीत होतं. ते परत येणार नाहीत हेही बहुतेक कळलं होतं. पण मला खिसे हवे होते."

ती रडत नव्हती, टेबलावरून हात फिरवत होती. "नंतर मी दाराकडे बघत बसायचे. आधी वाटायचं, येऊ नयेत. मोठी झाल्यावर वाटायचं, यावेत, माझ्या तोंडावर मागावं. तो माणूस विचारत होता ना, परत का दिलं नाही? कुणाला देणार? कुणी मागायला आलंच नाही."

मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि त्या खिशांचा रागही आला, दोन्ही एकदम. त्या दुसऱ्या मुलीला फ्रॉकला खिसे होते की नव्हते, हे मला विचारावंसं वाटलं आणि विचारवलं नाही. माफ करणं माझ्या हातात नव्हतं. माझं तिथे काहीच गेलं नव्हतं, मग मी कोणाच्या वतीनं उदार होणार? माझ्या हातात फक्त माझा डबा होता. तो मी टेबलावर तिच्यासमोर ठेवला.

"हा तुझ्याकडे असू दे," मी म्हणाले. "उद्या मी मागायला येते."

"आणि मी दिला नाही तर?"

"तर परवा येते. मी पुण्याची आहे, मावशी. आम्ही आपली वस्तू सोडत नाही."

ती हसली नाही. पण तिनं डबा ओढून स्वतःजवळ घेतला.

दुसऱ्या दिवशी नवरा गेल्यावर मी वेणी घातली, चपला घातल्या आणि शेजारी जाऊन घंटा वाजवली. घंटा वाजत असतानाच दार उघडलं. ती दारामागेच उभी असावी. त्या दिवशी साखळी नव्हती. तिच्या दोन्ही हातांत डबा होता, सफरचंदाच्या गरम फोडींची वाफ झाकणातून येत होती.

"माझा डबा मागायला आलेय," मी म्हणाले.

तिनं तो पुढे केला. मी धरला, पण तिचे हात सुटेनात. आम्ही दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना तो डबा धरून उभ्या राहिलो.

"परत म्हण," ती म्हणाली.

मी परत म्हटलं.