बाबांचं ‘बरं बरं’

पवनीच्या बसस्टँडजवळ तेव्हा ‘कम्युनिकेशन’ नावाची तीन दुकानं होती. एकात रिचार्ज मारून मिळायचा, दुसऱ्यात झेरॉक्स, तिसऱ्यात मोबाईलची फुटलेली काच बदलून मिळायची. त्यामुळे बारावीनंतर मला कम्युनिकेशनची डिग्री घ्यायची आहे, असं मी जेवताना सांगितलं तेव्हा बाबांनी शांतपणे विचारलं, "त्याले डिग्री कायले लागते? गाळा पायतो ना मी."

आता यात बाबांचा दोष अर्धाच. मी बोलले होते लांबलचक, त्यांना ऐकू आला तो मधला एक शब्द. उभी हयात धान भरडायच्या मिलमध्ये गेली त्यांची, आणि मिलनं त्यांचे कान भरडले. पण कबूल करतील तर शपथ. ऐकू आलं नाही की ते हसून "बरं बरं" म्हणायचे. त्या "बरं बरं"पायी आमची मोटारसायकल कुणाच्या तरी लग्नाला गेली ती हळद उतरेपर्यंत परत आली नाही. गावात मात्र त्यांची कीर्ती अशी, की इतका मोठ्या मनाचा माणूस नाही.

मला शिकायचं होतं ते वाणी आणि श्रवणाचं शास्त्र. शाळेत एकदा कान तपासायचं शिबिर आलं होतं. मागच्या बाकावरच्या, सगळे जिला ढ म्हणायचे त्या मुलीला नुसतं कमी ऐकू येत होतं, हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच होतं.

आई आणि मी नागपूरला कॉलेज पाहायला गेलो. पहिल्या ठिकाणी चकाचक काचेची इमारत. कान तपासायला शिकवता का, असं विचारल्यावर टायवाले साहेब म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे बातम्या वाचायचा स्टुडिओ आहे." फी ऐकून आईनं पदर सावरला आणि चहासुद्धा नको म्हणाली. दुसऱ्या ठिकाणी कोर्स बरोबर होता, फक्त त्याची मान्यता "येणारच" होती. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "येनारच हाये म्हंजे आली नाई. पोरगी पायाले बोलवाचं अन् पोरगा अजून जन्माले याचा हाये." तिसरं सरकारी होतं. भिंतींचे पोपडे निघालेले, पण मान्यता जुनी, फी आम्हाला झेपणारी, आणि व्हरांड्यात खरेखुरे पेशंट रांगेत बसलेले. मला ते बघताक्षणी आवडलं.

पुढे यादीत माझं नाव लागलं. दुसऱ्या दिवशी जाऊन जागा पक्की करायची होती, नाहीतर ती पुढच्या मुलीला. तसा निरोप आला तेव्हा बाबा मिलमध्ये होते. रोवणीचे दिवस, शेतात भात लावणाऱ्या बायांच्या जेवणासाठी तांदूळ हवा म्हणून लोक पोती घेऊन ताटकळत उभे. मी बाबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "बाबा, नागपूरले लागला नंबर. उद्या जावं लागते. होस्टेलवर राहीन. जाऊ?"

बाबा हसले. "बरं बरं."

होकार मिळाला होता. तो घेऊन मी पळाले असते तर कुणी चोर म्हटलं नसतं. पण असला होकार घेऊन घर सोडायचं माझ्या जिवावर आलं. संध्याकाळी हाच माणूस आईला विचारणार, पोरगी कुठं गेली म्हणून. केसांत धानाचा कोंडा घेऊन मी तशीच उभी राहिले. मला रडू यायला लागलं होतं आणि रागही आला होता.

बाबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हात लांबवून त्यांनी मोटर बंद केली. धान वर ओतलेलं, लोक तोंडाकडे बघताहेत, आणि पट्टा हळूहळू थांबला. इतकी शांतता मी त्या मिलमध्ये कधी ऐकली नव्हती.

"आता सांग," बाबा म्हणाले. "पहिलेपासून."

मी सगळं सांगितलं. पोतीवाल्यांनीही ऐकलं.

"म्हंजे दुकान नाई."

"नाई."

"लोकायचे कान तपासशील."

"हो."

त्यांनी स्वतःच्या कानाकडे बोट केलं. "माहेबी?"

"पहिले तुमचेच."

बाबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंडावरचा कोंडा पुसला, जरा जास्तच वेळ पुसला.

"बरं," ते म्हणाले. एकदाच.