माझ्याच ठरावाला माझा हात

चहा घ्या. पण मी सांगत असताना हसायचं नाही. हसायचं ते शेवटी, आणि तेही बेताने. कोळीवाड्यात मला सगळे नाखवा म्हणतात, वाट सोडून उभे राहतात. त्या मानाची मी भर ग्रामसभेत स्वतःच्या हाताने माती केली. हाताने म्हणजे खरोखरच हाताने!

आधी एक समजून घ्या. बोटीवर आमचं बोलणं चालत नाही. इंजिन असं धडधडतं, की शेजारचा ओरडला तरी नुसतं तोंड उघडलेलं दिसतं. म्हणून सगळा कारभार हातावर. तांडेलाने, म्हणजे मी, हात वर केला की इंजिन मंद. आणि ज्या खलाशाने तो बघितला त्यानेही आपला हात वर करायचा. म्हणजे 'कळलं'. का, कशाला, ते विचारायचं नाही. विचारलं तरी ऐकू कुणाला जाणार?

या इंजिनांनी थळपासून चौलपर्यंत अर्धा किनारा बहिरा करून ठेवलाय. मी नाही हं! माझे कान उत्तम होते. लोकच हल्ली हळू बोलतात.

पांडूचं मात्र वाईट होतं. पांडू माझा इंजिनवाला. एक दिवस नात पाळण्यात टाहो फोडत होती आणि हा पाळण्याकडे पाठ करून जाळं शिवत बसलेला! तेव्हापासून सुनेने पोरगी त्याच्याजवळ ठेवायचं बंद केलं. वादळात न डगमगणारा गडी, पण माझ्यासमोर डोळे पुसले त्याने. कान तपासायचे तर मांडव्याला जा, लाँच पकडा, मुंबई गाठा, रोज बुडवा. कोण जातो?

म्हटलं, कान तपासणारा गावातच आला पाहिजे. सरकार डोळ्यांची शिबिरं घेतं, मग कानांनी काय घोडं मारलंय?

सरपंचाने चौकशी केली. घरी येऊन माझ्या कानाशी ओरडला, "नाखवा, आरोग्य केंद्रात दर महिन्याला कानतपासणी मिळंल, कानाची यंत्रं पन मिळतील. पन ह्या ग्रामसभेत ठराव व्हायला पायजे. न्हायतर किहीमला जाईल सगळं!"

किहीमला? मी असताना? ठरावाचा सूचक मीच झालो.

ग्रामसभेला जिल्ह्याहून आरोग्य खात्याच्या बाई आल्या होत्या. "खरंच एवढी गरज आहे का इथे?" असं त्यांनी मला विचारलं म्हणे. हे मला बायकोने नंतर सांगितलं. मी तेव्हा नमस्कार केला होता.

भाषणाला उभा राहिलो. शाळा चौथीपर्यंत, पण आवाज दर्यावरचा. माईक बाजूला सारला. पांडूच्या नातीचं सांगितलं. टाळ्या पडल्या. पडल्या असाव्यात, हात तरी हलत होते. छाती काढून पहिल्या रांगेत बसलो.

मग ग्रामसेवक उठून ओठ हलवायला लागला. मी मागे वळून बघतो तर काय? पोरं खिदळतायत, बाया गप्पा मारतायत, कुणी तंबाखू मळतोय. माझ्या ठरावाच्या वेळी हा गोंधळ? उठलो, सभेकडे तोंड केलं आणि हात वर केला. मंद करा!

पांडूने बघितलं. त्याचा हात वर. माझ्या सगळ्या खलाशांचे हात वर. ते बघून शेजारच्या बोटींचे तांडेल, त्यांचे खलाशी... अर्धी सभा हात वर करून बसली! गोंधळ जागच्या जागी बंद. मनात म्हटलं, याला म्हणतात वचक!

ग्रामसेवकाचं तोंड पडलं. सरपंच धावत आला आणि माझ्या कानाला तोंड लावलं.

"नाखवा, काय करताव? ठरावाला विरोध कुनाचा हाय, त्यांनी हात वर करा, असं इचारलं त्यांनी!"

"मग? कोन हाय तो विरोधवाला? दाखव मना!"

"तुमीच!"

मी हात खाली घेतला. सगळ्यांचे हात खाली आले.

सरपंच पांडूकडे वळून ओरडला. "तू कशाला रं हात वर केलास?"

"नाखवानी केला म्हून."

"काय इचारलं, ते आयकलंस तरी?"

पांडूने पुन्हा हात वर केला. कळलं!

बाई पदराने डोळे पुसत होत्या. वाटलं, पांडूच्या नातीसाठी रडतायत. हसत होत्या!

परत मत घ्यायचं ठरलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूने माझी बायको चंद्रा उठली, माझ्याशेजारी येऊन बसली आणि माझी दोन्ही मनगटं धरली. तिने जन्मभर बाजारात सुरमई कापलीय. तिची पकड काय सांगू!

या खेपेला ग्रामसेवक माझ्यासाठी मुद्दाम ओरडला, "ठरावाच्या बाजूने कोण?"

मी हात उचलायला गेलो. हलेना!

"अगो सोड! आता वर करायचाय!"

"गप बसा. मगाशी केलाव तेवढा पुरा झाला."

पांडू माझ्याकडे बघतोय. खलाशी माझ्याकडे बघतायत. तांडेलाचा हात खाली, म्हणून सगळ्यांचे हात खाली. गेलं किहीमला!

चंद्राने सभेवर एक नजर फिरवली. माझी दोन्ही मनगटं एका पंजात घेतली आणि आपला मोकळा हात वर केला.

सगळी सभा एका झटक्यात वर! खलाशी, तांडेल, तंबाखू मळणारेसुद्धा! इतकी वर्षं मी समजत होतो, बोट माझ्या हातावर चालते.

बाई माझ्याजवळ येऊन मोठ्याने म्हणाल्या, "आजोबा, गरज आहे का, असं विचारलं होतं मी. आता पुराव्याची गरज नाही."

तपासणी सुरू झाली. पहिला नंबर माझा. मी गेलो तो पांडूला धीर द्यायला, बरं का. पांडूला यंत्र मिळालं, नात परत मांडीवर आली. परवा तक्रार करत होता, "नाखवा, लई रडते हो ती!"

यंत्र मलाही लावलं. पांडूला बरं वाटावं म्हणून. नेमका त्याच वेळी ग्रामसेवक बाहेर जमलेल्या लोकांना ठराव वाचून दाखवत होता. कितीतरी वर्षांनी एक अख्खं वाक्य मला लांबून, स्पष्ट ऐकू आलं:

"ठराव संपूर्ण सभेने मंजूर केला. सूचक तटस्थ राहिले."