सावंतकाका वेंगुर्ल्याला गेले

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते सावंतकाकांचे. मी मंगळवेढ्याचा, घरातला पहिला पदवीधर. १९९५ साली सिंगापूरला जहाजावर नोकरी लागली, पण मरीन इंजिनिअरच्या तोंडी परीक्षेत दोनदा नापास झालो. काका निवृत्त चीफ इंजिनिअर, तिथल्याच बेडोक भागात लेकीकडे राहायचे. दर रविवारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाण्याच्या स्टॉलांच्या बाजारात, मला शिकवायचे. तिथे टेबल अडवायला लोक टिश्यूचं पाकीट ठेवतात. काका त्याच टिश्यूंवर पाइपलाइनी काढत बसायचे. पाकीट संपलं की टेबलही जायचं.

"पुस्तक मिट मेल्या! पाइप कुठून आला ते आधी सांग."

तिसऱ्या खेपेला पास झालो. पेढे घेऊन गेलो, तर पेढा हातात धरून म्हणाले, "रघू माझ्याहून हुशार होता."

मग सगळं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी काका एकोणीस वर्षांचे, नौदलात. मालवाहू जहाजांच्या ताफ्याला सोबत करणाऱ्या त्यांच्या युद्धनौकेवर पाणबुडीने टॉर्पेडो सोडला. त्या वेळी इंजिनरूममध्ये वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, काकांची होती. पण त्यांची दाढ ठणकत होती, म्हणून त्यांच्याऐवजी त्यांचा जोडीदार रघू खाली उतरला होता. काका डेकवर होते, वाचले. रघू जहाजाबरोबर गेला. त्याची बायको वेंगुर्ल्याला असते. पन्नासहून जास्त वर्षांत काका तिच्यासमोर गेले नव्हते.

"ती विचारणार, तू कसा वाचलास? काय सांगू, दाढ दुखत होती?"

मी काकांना कधी उलटून बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. "हेच सांगा, काका. तुमच्याशिवाय त्यांना हे कोण सांगणार?"

"मोठो शहाणो झालंस!" म्हणाले, आणि तोंड फिरवून बसले. पण पुढच्या महिन्यात वेंगुर्ल्याला गेले.

तिथून फोन आला. रघूच्या बायकोने, काकांच्या वहिनींनी, सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "मगे ती दाढ काढलात काय?" आणि पान वाढायला उठल्या. जेवताना, खाली उतरण्याआधी रघू काय बोलला होता, ते दोनदा विचारून घेतलं. "आठवडाभर राहा म्हणते रे," काका म्हणाले.

मला फोनवर नीट बोलता येत नाही. मी पत्र लिहिलं.

"ती. काकांना साष्टांग नमस्कार. परतायची घाई करू नका. वहिनींना एक गोष्ट तुम्ही सांगणार नाही, म्हणून मी लिहितो. काकू, रघुनाथकाका ज्यांच्या जागी खाली उतरले, त्यांनी माझ्यासारख्या कितीतरी जणांना हाताला धरून इंजिनिअर केलं. आज आमची घरं त्यावर उभी आहेत. काका, वाचून झालं की हे पत्र त्यांच्याकडेच ठेवा.

तुमचा, दत्ता."