कावळ्याला कबूल केलेलं विमान

अगो, फोन ठेवू नको, नि ते हसणं आधी बंद कर. आत्ता म्हणालीस, काकू, या वयात विमानं कसली पाडत बसतेस, तो डबा दे भंगारात. देईन हो, पण आधी ऐकून तर घे. तुझं नेहमी अर्धंच ऐकून झालेलं असतं.

हा व्हिडिओ गेम तुझ्या काकांनी जहाजावर असताना आखातातल्या कुठल्याशा बंदरातून आणला. जुन्या टीव्हीला जोडायचा. काळ्या आभाळात आपलं एवढंसं विमान, नि वरून शत्रूची येतात ती बांगडा मासळीसारखी, झुंडीने. एक गोळी लागली की आपण संपलो, टप्पा पुन्हा पहिल्यापासून. दयामाया काही नाही. हे सुट्टीवर आले की दुपारी जेवून आम्ही दोघं माजघरात खेळत बसायचो. मी घाबरून पडदाभर पळत सुटायची, नि हे म्हणायचे, "अगो, धावतेस कशाला? उजव्या कोपऱ्यात नांगर टाक, नि येईल त्याला टिप." जहाज सुटलं, केस पांढरे झाले, खेळ काही सुटला नाही. अगदी शेवटी एक मोठं विमान येतं, पडदा भरून. ते मात्र ह्यांच्याने कधी पडलं नाही. आजारपणात हात थरथरायला लागले, तरी मला विचारायचे, पडेल ना गो ते?

गेल्या वर्षी कलमांना मोहोर आला नि हे गेले. दहाव्याला पऱ्याच्या पाण्याकाठी पिंड ठेवला. कावळा आला, फणसाच्या फांदीवर बसला, नि शिवेना. तुझ्या बाबांनी हात जोडले, दादा, कलमांची काळजी करू नको, वहिनीला अंतर देणार नाही. कावळा मान वाकडी करून नुसता बघत राहिला. ऊन चढलं. भटजी दर्भाचा कावळा करायला घेणार, तेवढ्यात, आम्ही बायका लांब उभ्या होतो तिथून मी मनातल्या मनात म्हटलं, ते मोठं विमान मी पाडीन. उतरला तो, नि थेट भाताला चोच लावली. सगळे म्हणाले, भावाच्या शब्दाने शिवला. विमानाचं मी त्या माणसांत काय सांगणार होते?

तेव्हापासून खेळते. डोळे मिटले तरी ती विमानं येतच असतात.

आता तुला सांगायचं ते हे. खेळ तसाच चालू ठेवून मी कुकर उतरवायला गेले, की थोड्या वेळाने माजघरातून गोळ्यांचे आवाज येतात. येऊन बघते तर रिमोट जमिनीवर पडलेला, नि विमान आपलं आपण चाललेलं. सरकत सरकत उजव्या कोपऱ्यात जातं, थांबतं, टिपतं. शेजारची कॉलेजातली मुलगी म्हणाली, आजी, कोणी हात लावला नाही की मशीन स्वतःच खेळून दाखवतं, दर वेळी तसंच. ह्यांनी ती युक्ती त्यावरूनच उचलली असणार. कळलं मला, मी काही अडाणी नाही. पण हल्ली मी मुद्दाम खेळ सोडून आत जाते. आवाज सुरू झाला की गॅसपाशीच उभी राहते. बघायला बाहेर येत नाही.

नि परवा ते मोठं विमान आलं. आधी कधी झालं नव्हतं इतकं लाल झालं, म्हणजे आता एकच गोळी. अंगठा बटणावर होता. नि मनात आलं, ते पडलं की शब्द पुरा झाला, हे सुटले. मग उद्या माजघरातून आवाज आला, तर ते नुसतं मशीनच असेल. अंगठा हलला नाही गो. त्याने मला पाडलं.

पण कबूल केलं ते केलं. माझ्या सोबतीसाठी ह्यांना असं अडकवून ठेवणं बरं नव्हे. मी पाडणार आहे ते. फक्त त्यानंतर मी आत कुकर उतरवायला जाईन, तेव्हा माजघरात कोणीतरी आपलं माणूस बसलेलं असू दे. म्हणून म्हणते, रजा काढ, नि लवकर ये.