हातभर दोरा

माझं शिक्षण मराठी दुसरीपर्यंत. लिहिण्यात चुका असतील, त्या सांभाळून घ्या. पण काकींबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

आमच्या मांडवी गावात कोणाकडेही बाळंतपण असो, गोधडीची कड काकीच घालायच्या. घरापुढच्या खळ्यात जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, चार कोपऱ्यांवर चिऱ्याचे तुकडे ठेवायचे आणि त्यांची वाट बघायची. त्यांनी येऊन कडेने धावदोरा घातला की मगच बाकीच्या बायका सुया उचलत. मी दाभोळहून लग्न होऊन आले तेव्हा घरात सासू नव्हती. दिवसभर रडू यायचं. शेजारून काकींनी ऐकलं.

"रडायचं तर इकडे येऊन रड गो. हात तेवढे चालू ठेव."

पहिल्याच दिवशी मी लांबलचक दोरा ओवला.

"गळ टाकायला चाललीस काय? हातभर घे, बोटांपासून कोपरापर्यंत. लांब दोऱ्याला पीळ पडतो, मग गाठी होतात."

पुढे काकींचे डोळे अधू झाले. चाचपून टाके सरळ पडत, पण सुईत दोरा जाईना. हे मला एकटीला ठाऊक. "बायकांना कळलं तर मला बोलावील कोण?" त्या म्हणायच्या. मग रोज सकाळी पाण्याला जाण्याआधी मी डझनभर सुया ओवून द्यायची. बायका थट्टा करत, "काकी, साळिंदर पाळलंय काय?" काकी हसायच्या. मी घाईने विषय बदलायची.

तेवढ्यात यांना मुंबईला गोदीत काम लागलं. मला पाचवा महिना होता. पावसाळ्यात आगबोटी बंद, म्हणून शेवटच्या बोटीने निघायचं ठरलं.

"काकी, सुया ओवायला दुसऱ्या कोणाला सांगू?"

"सांगशील तर बघ!"

मिळतील तिथून चाळीस सुया जमवल्या. पावसाळाभर कशा पुरणार? भीतीने मी प्रत्येकीत दोन-दोन हात दोरा ओवला, सुईभोवती गुंडाळला आणि सगळ्या एका फडक्याला टोचून दिल्या. काकींनी फडक्यावरून हात फिरवला. "शहाणी गो माझी."

पाऊस सरून बोटी सुरू झाल्यावर गावचा एकजण आमच्या खोलीवर बोचकं घेऊन आला. आत माझ्या बाळासाठी गोधडी. एक कड सरळ शिवलेली. दुसऱ्या कडेला चार बोटं टाके आणि पुढे सुपारीएवढी गाठ. सुई तशीच लोंबत होती.

"काकी कशा आहेत?"

"बसलेली असते ओटीवर. कोणाच्या तरी बारशाच्या गोधडीत गाठीच गाठी करून ठेवल्यान. तेव्हा कळलं, म्हातारीला दिसत नाही. आता नाही कोण बोलवत."

"मला काही निरोप?"

"पुढचे टाके तिलाच घालायला सांग म्हणाली. हातभर दोऱ्याने."

पत्र लिहायचं तर वाचून कोण दाखवणार? ज्यांच्यापासून लपवलं, त्याच बायका. आणि लिहायचं तरी काय?

गाठ पाण्याने भिजवली, सुईच्या टोकाने उकलून पाहिली. सुटेना. यांनी कात्री पुढे केली, ती मी तशीच परत ठेवली. बाळ रडायला लागलं, तेव्हा त्याला टोचू नये म्हणून सुई तेवढी दोऱ्यातून काढून घेतली, आणि गाठीची बाजू पायाकडे करून गोधडी त्याच्या अंगावर घातली.